अमेरिकेतलं बांधकाम, युनियन आणि अपील न्यायालय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत साईटवर काम करणारे मराठी इंजिनिअर, छोटे कंत्राटदार, तिकडे कायदा शिकायला गेलेले विद्यार्थी आणि इथल्या कामगार न्यायालयांत वकिली करणारी मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी असते: निकाल विरुद्ध गेला की मग अपिलाचा विचार सुरू होतो. बांधकामातली प्रकरणं मात्र बरीचशी करारावर सही झाली त्या दिवशी किंवा पहिल्या सुनावणीतच ठरून गेलेली असतात. म्हणून उत्तरं वाचताना नोंदीत काय आलं आणि काय राहिलं, याकडे जास्त लक्ष द्या. प्रत्यक्ष प्रकरण चालू असेल तर तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

१. एनएलआरबी म्हणजे काय? ते न्यायालय आहे का?

नाही. राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ हे १९३५ च्या कायद्याने उभं केलेलं सरकारी मंडळ आहे. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली दुरुस्तीपासून त्यावर पाच सदस्यांच्या जागा आहेत. खाजगी क्षेत्रात युनियनची निवडणूक घेणं आणि मालक किंवा युनियनने केलेल्या अनुचित प्रथांवर (या कायद्याने मनाई केलेल्या वागण्यावर) निर्णय देणं, ही त्याची दोन मुख्य कामं. थकलेला पगार, ओव्हरटाइम किंवा मचाणावरून पडून झालेली इजा या गोष्टी मंडळाकडे जात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी खाती आहेत.

सुपरवायझर या कायद्याच्या बाहेर आहेत, त्यामुळे साईटवरचा फोरमन कुठे बसतो हा वाद नेहमी होतो. हुद्द्याचं नाव काय आहे यावर ते ठरत नाही. माणसं घेणं, काढणं, शिक्षा करणं किंवा स्वतःच्या अकलेने काम नेमून देणं हे अधिकार त्याला खरोखर आहेत का, ते पाहिलं जातं. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तो सुपरवायझर आहे असं म्हणणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये केंटकी रिव्हर प्रकरणात मान्य केलं.

२. तक्रारीपासून अपील न्यायालयापर्यंतची वाट कशी असते?

घटना घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात तक्रार द्यावी लागते (त्याच १९३५ च्या कायद्याचं कलम १०(बी)). कार्यालय चौकशी करतं. तथ्य दिसलं तर जनरल कौन्सेलच्या (मंडळाची फिर्याद चालवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) वतीने रीतसर आरोपपत्र निघतं आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे साक्षीपुरावे होतात. त्या न्यायाधीशाच्या निर्णयावर २८ दिवसांत लेखी हरकती घेता येतात. हरकती आल्या की मंडळाचे सदस्य सगळी नोंद वाचून अंतिम आदेश देतात, आणि अपील न्यायालयाचं दार त्यानंतर उघडतं.

आरोपपत्रच निघालं नाही, तर पुढे काही नाही. जनरल कौन्सेलने प्रकरण चालवायला नकार दिला तर त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. मराठी वकिलांना हे फार खटकतं, आणि ते खटकण्यासारखं आहेच.

३. मंडळाचा आदेश लगेच पाळावा लागतो का? नाही पाळला तर दंड होतो का?

मंडळाच्या आदेशाला स्वतःचे दात नाहीत. तो मोडला म्हणून थेट दंड होत नाही. मंडळाला अपील न्यायालयात जाऊन अंमलबजावणीचा हुकूम मिळवावा लागतो (कलम १०(ई)), आणि तो हुकूम मोडला तर मात्र न्यायालयाचा अवमान होतो. ज्याच्याविरुद्ध आदेश गेला आहे त्याला स्वतःहून फेरतपासणीचा अर्ज करता येतो (कलम १०(एफ)). या अर्जासाठी कायद्यात ठरावीक मुदत नाही.

म्हणून काही कंत्राटदार गप्प बसून राहतात. हा शहाणपणा नाही. मागच्या पगाराची, म्हणजे बेकायदा काढल्यामुळे बुडालेल्या पगाराची, रक्कम व्याजासह वाढत जाते. बांधकामात तर साईट संपते, माणसं दुसऱ्या राज्यात जातात आणि शेवटी हिशेब जुळवणं दोन्ही बाजूंना जड जातं. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कामावरून काढलेल्या माणसाचं, कारण त्याला घरभाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

४. कोणत्या अपील न्यायालयात जायचं, हे कोण ठरवतं?

अर्जदार बऱ्याच अंशी ठरवू शकतो. अनुचित प्रथा जिथे घडली ते सर्किट (म्हणजे त्या भागाचं अपील न्यायालय), अर्जदार जिथे राहतो किंवा धंदा करतो ते सर्किट, किंवा वॉशिंग्टनचं डी. सी. सर्किट, यांपैकी कुठेही फेरतपासणी मागता येते. डी. सी. सर्किटचा पर्याय सर्वांना खुला असल्यामुळे प्रश्न १० मधला वाद देशातल्या प्रत्येक कंत्राटदाराला लागू पडतो.

मालक एका सर्किटात आणि युनियन दुसऱ्या सर्किटात गेली, आणि आदेशापासून दहा दिवसांच्या आत दोन्ही अर्जांच्या प्रती मंडळाकडे पोचल्या, तर चिठ्ठी टाकून न्यायालय निवडलं जातं. मंडळ स्वतः एखाद्या सर्किटचं मत देशभर लागू करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत ते आपलीच भूमिका चालवतं. करारातलं तेच वाक्य, तीच सही, पण निकाल वेगळा, असं त्यामुळे घडतं.

५. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ किंवा २२७ खाली रिट होते, तसंच आहे का हे?

थोडं सारखं, बरंचसं वेगळं. साम्य असं की दोन्हीकडे वरचं न्यायालय पुरावा नव्याने तोलत नाही. आपल्याकडे निष्कर्ष विकृत किंवा पुराव्याविना आहे का हे पाहतात, तिकडे नोंदीत पुरेसा भक्कम पुरावा आहे का हे पाहतात.

फरक दोन. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्याखाली युनियन किंवा कामगार स्वतः तक्रार दाखल करून चालवतो. अमेरिकेत फिर्याद सरकारी अधिकारी चालवतो, आणि तक्रारदार त्याच्या बाजूला बसतो. दुसरा फरक प्रश्न ३ मधला: आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली निवाडा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांनी अंमलात येण्याजोगा होई. मंडळाचा आदेश कितीही दिवस गेले तरी आपोआप तसा होत नाही.

६. अपील न्यायालय साक्षीपुरावा पुन्हा तपासतं का?

साक्षीदार पुन्हा उभे राहत नाहीत. तीन न्यायाधीश लेखी नोंद आणि दोन्ही बाजूंच्या टिपणांवर निर्णय देतात, तोंडी युक्तिवादाला मोजकी मिनिटं असतात. वस्तुस्थितीबद्दल मंडळाचे निष्कर्ष एकंदर नोंदीतल्या भक्कम पुराव्यावर टिकत असतील तर ते अंतिम मानले जातात. १९५१ च्या युनिव्हर्सल कॅमेरा निकालाने 'एकंदर नोंद' या शब्दांना वजन आलं. मंडळाला सोयीचा पुरावा तेवढा उचलून चालत नाही, विरुद्ध बाजूचाही पुरावा आणि खालच्या न्यायाधीशाचं मत हिशेबात धरावं लागतं. साक्षीदार खरं बोलला की नाही, यावर मात्र अपिलात निकाल क्वचितच फिरतो.

कायद्याच्या अर्थाबद्दल चित्र बदललं आहे. जून २०२४ च्या लोपर ब्राइट निकालाने, संदिग्ध कायद्याचा सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ मान्य करण्याची चाळीस वर्षांची रीत संपवली. आता अर्थ न्यायालय स्वतः लावतं. त्यामुळे 'कायद्यात हा शब्द असाच का वाचायचा' या प्रकारच्या मुद्द्यांना अपिलात पूर्वीपेक्षा जास्त वाव आहे.

आणखी एक नियम लक्षात ठेवा. मंडळाने आदेशात जी कारणं दिली, त्यांवरच न्यायालय आदेश तपासतं. मंडळाच्या वकिलाला अपिलात नवी, जास्त चांगली कारणं शोधून आणता येत नाहीत. कारणं अपुरी असली तर प्रकरण परत जातं.

७. मंडळापुढे एक मुद्दा मांडायचा राहिला. आता अपिलात मांडता येईल का?

जवळजवळ नाहीच. असामान्य परिस्थिती नसेल तर मंडळापुढे न घेतलेली हरकत न्यायालय विचारात घेऊ शकत नाही, असं कलम १०(ई) सांगतं. याचा सर्वात ठळक धडा बांधकामातूनच आला आहे. १९८२ च्या वोल्की अँड रोमेरो फ्रेमिंग प्रकरणात युनियनशी करार असलेल्यांनाच उपकंत्राट द्यायचं, या कलमावरून वाद होता. त्याचा एक भाग, पिकेटिंगचा (साईटबाहेर फलक घेऊन निदर्शनं करण्याचा), मंडळाने पक्षांनी न मागता ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तसं असलं तरी फेरविचाराचा अर्ज करून मंडळासमोर हरकत घ्यायला हवी होती, ती घेतली नाही म्हणून अपील न्यायालयाला त्या मुद्द्यावर बोलण्याचा अधिकारच नव्हता.

म्हणजे मंडळाने अचानक नवा मुद्दा काढून निकाल दिला तरी आधी फेरविचार मागा, मग न्यायालयात जा. हे दोन पानांचं काम आळसाने राहून गेलं आणि प्रकरण हातचं गेलं, असं घडतं.

८. बांधकामाला वेगळे नियम कशासाठी?

कारखान्यात माणसं आधी असतात, युनियन नंतर येते. बांधकामात उलट होतं. बोली लावतानाच मजुरीचा दर माहीत असावा लागतो, आणि काम मिळाल्यावर आठवड्याभरात कुशल सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लोखंडकाम करणारे हवे असतात. ते युनियनच्या हायरिंग हॉलमधून (युनियन जिथून माणसं कामावर पाठवते तिथून) येतात. त्यामुळे एकही माणूस कामावर नसताना करार करण्याची रीत फार जुनी आहे.

१९५९ च्या दुरुस्तीने कलम ८(एफ) घालून ही रीत कायदेशीर केली. मुख्यतः बांधकामाचा धंदा करणारा मालक बहुमत सिद्ध न झालेल्या युनियनशी आधीच करार करू शकतो. इतर उद्योगांत युनियनच्या वर्गणीची सक्ती ३० दिवसांनी लावता येते, इथे सात दिवसांनी. टेक्सस, फ्लोरिडा यांसारख्या 'राइट टू वर्क' राज्यांत ही सक्ती मुळातच चालत नाही. त्याच वर्षी कलम ८(ई) मध्येही सवलत आली: साईटवर होणाऱ्या कामाचं उपकंत्राट कोणाला द्यायचं याबद्दल युनियनशी करार करता येतो.

९. ८(एफ) आणि ९(ए) असं सगळे बोलतात. फरक काय?

९(ए) म्हणजे कामगारांच्या बहुमताने आलेली युनियन. तिचा करार संपला तरी मालकाला तिच्याशी वाटाघाटी चालू ठेवाव्या लागतात, कारण बहुमत अजून आहे असं गृहीत धरलं जातं. ८(एफ) म्हणजे मालक आणि युनियन यांच्यातला आगाऊ करार. त्यात कामगारांनी अजून काहीच सांगितलेलं नसतं.

८(एफ) करार मध्येच मोडता येतो का, यावर बरीच वर्षं गोंधळ होता. १९८७ मध्ये जॉन डेक्लेवा अँड सन्स प्रकरणात मंडळाने तो मिटवला: मुदत आहे तोवर करार दोघांवर बंधनकारक, मध्येच झटकता येणार नाही. मुदत संपली की कोणीही निघून जाऊ शकतो. आणि करार चालू असतानाही कामगार निवडणूक मागू शकतात. तिसऱ्या सर्किटने १९८८ मध्ये हा निर्णय उचलून धरला. बांधकामातलं नातं ८(एफ) चं आहे असंच गृहीत धरायचं, आणि ९(ए) म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं, हाही नियम तिथूनच आला.

१०. आमच्या करारात 'युनियनने बहुमत दाखवलं आहे' असं एक वाक्य आहे. तेवढ्याने ९(ए) होतं का?

सगळ्यात जास्त पत्रं या एका वाक्याबद्दल येतात. ते छापील करारात बारीक अक्षरात असतं आणि सही करणारा ते वाचत नाही.

दहाव्या सर्किटने २००० मध्ये ट्रिपल सी मेंटेनन्स आणि ओक्लाहोमा इन्स्टॉलेशन या दोन प्रकरणांत करारातली भाषा कशी असली तर चालेल याची चाचणी मांडली. त्यावरून मंडळाने २००१ मध्ये स्टॉन्टन फ्युएल निर्णयात सूत्र बनवलं. युनियनने बहुमताची प्रतिनिधी म्हणून मान्यता मागितली, मालकाने ती दिली, आणि युनियनने बहुमताचा पुरावा दाखवला किंवा दाखवायची तयारी दर्शवली, या तीन गोष्टी करारात स्पष्ट लिहिलेल्या असतील तर कागदच पुरेसा.

डी. सी. सर्किटला हे पटलं नाही. २००३ च्या नोव्हा प्लंबिंग प्रकरणात कामगारांचा युनियनला विरोध असल्याच्या खुणा नोंदीत होत्या. न्यायालय म्हणालं, नातं फक्त ८(एफ) चं असल्याची अशी ठळक चिन्हं असताना केवळ करारातल्या भाषेवर निकाल देता येणार नाही. त्याने आधार घेतला १९६१ च्या बर्नहार्ड-आल्टमन निकालाचा: बहुमत नसलेल्या युनियनला एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता देणं, अगदी प्रामाणिक समजुतीने दिली तरी, बेकायदा आहे. २०१८ मध्ये कोलोरॅडो फायर स्प्रिंकलर प्रकरणात त्याच न्यायालयाने मंडळाचा आदेश पुन्हा रद्द केला. युनियन निवडण्याचा हक्क कामगारांचा आहे, आणि त्यांनी ती निवडल्याचा खरा पुरावा हवा, मालक आणि युनियन यांनी मिळून लिहिलेलं वाक्य हा तो पुरावा नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे.

पुढे नियमच हलत राहिले. २०२० मध्ये मंडळाने नियम करून प्रत्यक्ष पुरावा मागितला. २०२४ मध्ये तो नियम मागे घेतला, आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून मंडळापुढे पुन्हा जुनीच भूमिका आली. मंडळाच्या या भूमिकेनुसार मान्यता दिल्यापासून सहा महिन्यांत आव्हान दिलं नाही, तर नंतर ते ऐकलं जात नाही.

माझं स्वतःचं मत लपवत नाही. मला डी. सी. सर्किटचं म्हणणं पटतं, आणि ते युनियनच्या विरोधात आहे असं मला वाटत नाही. ज्याच्या नावाने प्रतिनिधित्व चालतं तो पाइप जोडणारा किंवा वायर ओढणारा माणूस त्या सहीच्या वेळी खोलीत नसतो. ही युनियन आपली प्रतिनिधी असावी असं सांगणारी, त्याची सही असलेली कार्डं गोळा करायला युनियनला फार कष्ट पडत नाहीत, आणि ती असली की युनियनचं नातंही पक्कं होतं. २०१२ च्या अलाइड मेकॅनिकल प्रकरणात बहुमताची कार्डं होती, आणि तिथे याच डी. सी. सर्किटने ९(ए) नातं मान्य केलं.

तुम्ही मालक असाल तर सही करण्याआधी ते वाक्य शोधा. कामगार प्रतिनिधी असाल तर वाक्यावर विसंबू नका, कार्डं जपून ठेवा.

११. आमच्याकडे युनियनचा एकच माणूस आहे. तरी करार बांधून ठेवतो का?

हा डेक्लेवाच्या नियमाला अपवाद आहे. ज्या गटात कायम एकच माणूस असतो, किंवा कोणीच नसतो, त्या गटासाठी सामूहिक वाटाघाटीचं बंधन मंडळ लादत नाही, त्यामुळे ८(एफ) करार मुदतीतही सोडता येतो. पण 'कायम' हा शब्द मोलाचा आहे. मंदीत दोन महिने एकच माणूस उरला, एवढ्याने चालत नाही. मागच्या काळातल्या पगारपत्रकांवरून ते ठरतं, म्हणून ती नीट ठेवा.

१२. एक युनियनवाली कंपनी आणि एक बिगरयुनियन कंपनी, दोन्ही चालवता येतात का?

येतात, पण त्या खरोखर वेगळ्या असाव्या लागतात. एकमेकांत गुंतलेला कारभार, कामगार संबंधांवरचा एकच ताबा, तीच व्यवस्थापक मंडळी आणि तीच मालकी या चार गोष्टींवरून मंडळ दोघांना एक मालक धरू शकतं.

अपील न्यायालयाची मर्यादा कुठे असते, हे इथे नीट दिसतं. कीविट समूहाची युनियनवाली कंपनी ओक्लाहोमात रस्त्यांची कामं करत होती. १९७२ मध्ये तिची बिगरयुनियन बहीण, साउथ प्रेरी कन्स्ट्रक्शन, तिथेच काम करू लागली. मंडळ म्हणालं, दोन वेगळे मालक. डी. सी. सर्किट म्हणालं, एकच मालक, आणि त्याच दमात दोन्हीकडच्या कामगारांचा गटही एकच, असं ठरवून टाकलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिला भाग राहू दिला आणि दुसरा रद्द केला. वाटाघाटीचा गट कोणता, हे आधी मंडळाने ठरवायचं. न्यायालयाने मंडळाच्या खुर्चीत बसायचं नाही.

१३. युनियनच्या निवडणुकीच्या निकालाविरुद्ध थेट अपील करता येतं का?

नाही. निवडणूक किंवा प्रमाणपत्र हा 'अंतिम आदेश' नाही, हे १९४० पासून ठरलेलं आहे. मालकाला निकाल मान्य नसेल तर तो वाटाघाटीला नकार देतो, त्यावर अनुचित प्रथेचा आदेश येतो, आणि त्या आदेशाच्या अपिलात निवडणुकीचा वादही तपासला जातो. वाट आडवळणाची आहे, आणि त्यात वर्षं जातात. मंडळाने कायद्याची स्पष्ट मनाई उघडउघड मोडली असेल तर १९५८ च्या लीडम विरुद्ध काइन निकालाखाली जिल्हा न्यायालयात जाता येतं. ते दार अगदी अरुंद आहे.

बांधकामात मत कोणाला, याचाही खास हिशेब आहे. काम तुटक असल्यामुळे, मागच्या १२ महिन्यांत ३० दिवस काम केलेल्यांना, किंवा १२ महिन्यांत थोडंफार आणि २४ महिन्यांत मिळून ४५ दिवस काम केलेल्यांना मत असतं. स्वतः नोकरी सोडलेले किंवा कारणासाठी काढलेले वगळले जातात. त्यामुळे आज साईटवर नसलेला माणूसही मतदार असू शकतो.

१४. एकाच कामावर दोन युनियन हक्क सांगताहेत. कोण ठरवणार?

फरशीखालचा मसाला प्लास्टरवाल्यांनी घालायचा की टाइलवाल्यांनी, असल्या वादांवरून कामं बंद पडतात. एका युनियनने काम आपल्याला मिळावं म्हणून संप किंवा धमकी दिली की कलम १०(के) खाली मंडळ सुनावणी घेऊन काम कोणाचं ते ठरवतं. तक्रारीची नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत पक्षांनी आपसात मिटवलं किंवा मिटवण्याची सोय ठरवली, तर मंडळ बाजूला होतं.

ह्यूस्टनच्या अशाच टाइलच्या वादात युनियनांनी आपल्या संयुक्त मंडळाकडून निकाल घेतला होता, पण मालक त्या व्यवस्थेत सामील नव्हता. १९७१ मध्ये प्लास्टरर्स लोकल ७९ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकही या वादातला पक्ष आहे. तो बांधलेला नसेल तर मंडळाने स्वतः निर्णय द्यायलाच हवा.

१०(के) निर्णयावर थेट अपील नाही. हरलेली युनियन ऐकत नाही आणि तिच्याविरुद्ध अनुचित प्रथेचा आदेश होतो, तेव्हाच ते न्यायालयात पोचतं.

१५. एका उपकंत्राटदाराशी भांडण आहे. मग पूर्ण साईटवर पिकेट लावता येतं का?

१९५१ च्या डेन्व्हर बिल्डिंग ट्रेड्स निकालाने याला आळा घातला. मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार एकाच साईटवर असले तरी ते वेगळे मालक आहेत. बिगरयुनियन उपकंत्राटदाराला हाकलावं म्हणून मुख्य कंत्राटदारावर दबाव आणणं बेकायदा ठरलं. युनियनांना हे कायम डाचत आलं. १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) हा नियम बदलणारं विधेयक मंजूर केलं, पण जानेवारी १९७६ मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी ते नाकारलं आणि नियम तसाच राहिला. म्हणून साईटवर वेगवेगळ्या फाटकांवर 'या फाटकातून फक्त अमुक कंपनीची माणसं' असे फलक दिसतात. त्या फलकांवरून पिकेट कुठे चालेल ते ठरतं.

पत्रकं वाटण्याची गोष्ट वेगळी. टॅम्पामधल्या मॉलच्या बांधकामावरून झालेल्या डीबार्टोलो प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांतपणे पत्रकं वाटणं कायदेशीर ठरवलं. फ्लोरिडात एका रुग्णालयासमोर शीट मेटल युनियनने शवपेटी आणि यमदूताचा वेश घेऊन खोटी अंत्ययात्रा काढली होती. मंडळाने ती बेकायदा ठरवली, डी. सी. सर्किटने २००७ मध्ये मंडळाचा तो आदेश रद्द केला. अडवणूक किंवा धमकी आहे, की फक्त मत मांडलं जात आहे, या फरकावर सगळं ठरतं.

१६. युनियनचा पगारी माणूस आमच्याकडे नोकरी मागायला आला. नकार देता येतो का?

फक्त त्या कारणासाठी नाही. मिनेसोटात काम घेतलेल्या टाउन अँड कंट्री इलेक्ट्रिक कंपनीने अकरापैकी दहा युनियनवाल्या अर्जदारांच्या मुलाखतीच घेतल्या नाहीत. आठवं सर्किट म्हणालं, युनियनचा पगार घेणारा माणूस या कायद्यातला 'कामगार' नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते उलटवलं. मात्र २००७ पासून मंडळ एवढं पाहतं की अर्जदाराला ती नोकरी खरोखर हवी होती का.

१७. व्हिसावर असलेल्या किंवा कागदपत्रं नसलेल्या कामगाराला या कायद्याचं संरक्षण आहे का?

आहे. १९८४ च्या शुअर-टॅन निकालापासून स्थलांतराची स्थिती काहीही असो, तो 'कामगार' आहे. पण २००२ च्या हॉफमन प्लास्टिक निकालाने, कामाची परवानगी नसलेल्याला बेकायदा काढून टाकलं तरी मागचा पगार देण्याचा आदेश मंडळाला देता येत नाही, असं ठरवलं. म्हणजे मालकाने कायदा मोडला हे सिद्ध होतं, पण माणसाच्या हाती काही पडत नाही. ज्या धंद्यात असे कामगार सर्वात जास्त धोका पत्करतात त्यांत बांधकाम आहे, म्हणून हा निकाल मला अजूनही बोचतो. ज्यांच्याकडे कामाची वैध परवानगी आहे, त्यांना हॉफमनचा अडसर नाही.

१८. काँक्रीटच्या गाड्या सोडून ड्रायव्हर संपावर गेले. मालक थेट राज्याच्या न्यायालयात जाऊ शकतो का?

साधारणपणे, जे वर्तन या कायद्याखाली संरक्षित किंवा निषिद्ध असण्याची शक्यता आहे ते आधी मंडळाकडे जातं. तो नियम १९५९ च्या सॅन दिएगो बिल्डिंग ट्रेड्स विरुद्ध गार्मन निकालातून आला. पण १ जून २०२३ च्या ग्लेशियर नॉर्थवेस्ट निकालात, काँक्रीट ढवळलेलं असताना गाड्या सोडण्याबद्दलचा नुकसानभरपाईचा दावा राज्य न्यायालयात चालू शकतो, असं ठरलं. युनियनने नुकसान टाळायची वाजवी काळजी घेतली नाही, हा त्यामागचा मुद्दा. संपाचा हक्क त्याने गेलेला नाही. संपाची वेळ निवडताना मिक्सरमधला माल भरवस्तीत ओतायची वेळ येणार नाही, एवढं युनियनला पाहावं लागेल.

१९. मंडळावर पुरेसे सदस्यच नसतील तर काय?

किमान तीन सदस्य हवेत. दोघांनीच दिलेले निर्णय अवैध आहेत, हे २०१० मध्ये न्यू प्रोसेस स्टील प्रकरणात ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये एका सदस्याला हटवल्यावर गणसंख्या गेली आणि त्या वर्षाचा बहुतेक काळ मंडळ अंतिम आदेश देऊ शकत नव्हतं. प्रादेशिक कार्यालयं आणि प्रशासकीय न्यायाधीश अशा काळातही काम करत राहतात, म्हणून सहा महिन्यांची मुदत (प्रश्न २) थांबते असं कोणी समजू नये. आदेशाच्या तारखेला किती सदस्य होते, हे पाहण्याची सवय ठेवा, आणि शंका असली तर हरकत मंडळापुढेच नोंदवा (प्रश्न ७).

२०. अपील न्यायालयातही हरलो. पुढे?

४५ दिवसांत फेरसुनावणी मागता येते, त्यात सर्किटच्या सगळ्या न्यायाधीशांनी ऐकावं अशीही विनंती करता येते. सर्वोच्च न्यायालयात अर्जासाठी ९० दिवस असतात, पण तिथे प्रकरण घेतलंच जाईल असं नाही. दोन सर्किटांत मतभेद असला तर शक्यता वाढते. दरम्यान आदेशाला स्थगिती आपोआप मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. बहुतेक प्रकरणं इथे येईपर्यंत इमारत बांधून, रंगवून झालेली असते आणि त्यात लोक राहायला आलेले असतात. मागच्या पगाराची यादी करताना कामगारांचे बदललेले पत्ते शोधण्याचं काम मग सुरू होतं, म्हणून ज्यांचं नाव अशा यादीत येऊ शकतं त्यांनी नवा पत्ता आणि फोन मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवत राहावं.